विचित्र गाड्या का फसल्या, आणि मुंबईत त्या ठेवाव्यात का?

प्रश्न दोन भागांत आलाय. पहिला असा: जगावेगळ्या रचनेच्या ज्या गाड्या निघाल्या त्या बहुतेक बंद पडल्या, मग त्या बनवणाऱ्या इंजिनिअरांचं चुकलं कुठे? दुसरा: ठाण्यात ओळखीच्या एका गृहस्थांकडे जुनी सिपानी डॉल्फिन, म्हणजे 1982 च्या सुमाराची फायबरच्या अंगाची गाडी, विकायला आहे, ती हौसेखातर घेऊन मुंबईत ठेवता येईल का? गाड्या उघडण्यात आणि पुन्हा जोडण्यात माझं आयुष्य गेलं. वेगळ्या धाटणीच्या गाड्यांवर माझा मनापासून जीव आहे, म्हणून उत्तर थोडं लांबणार.

आधी मत सांगतो. या गाड्यांच्या मूळ कल्पनेत खोट क्वचितच सापडते. गाडी मार खाते ती एखाद्या लहानशा भागापायी. पट्टी, सील, तेल, स्प्रिंग असं काहीतरी असतं. किंवा गाडी पुढची पंधरा वर्षं ज्यांच्या हातात राहणार त्यांचा विचार झालेला नसतो. कंपनीच्या ट्रॅकवर ती निष्णात माणूस चालवतो. बाहेर पडली की ती ऑफिसला उशीर झालेल्या माणसाच्या, पंपावरच्या हवावाल्याच्या आणि गल्लीतल्या मेस्त्रीच्या हाती जाते. कोणतीही गाडी मी याच कसोटीवर पाहतो.

सुरुवात वँकेल इंजिनापासून करतो, कारण यापेक्षा देखणी कल्पना मी मोटारीच्या इतिहासात पाहिलेली नाही. 1967 साली जर्मनीच्या एनएसयू कंपनीने आरओ 80 बाजारात आणली. तिच्या इंजिनात वरखाली जाणारे पिस्टन नव्हते. त्रिकोणी रोटर लांबट घरात गोल फिरायचा. हलणारे भाग मोजके, थरथर जवळजवळ नाहीच. 1968 चा युरोपातला ‘कार ऑफ द इयर’ किताब तिला मिळाला. मग गाड्या वर्कशॉपकडे परतू लागल्या. कित्येकांची इंजिनं 50 हजार किलोमीटरच्या आत बसली. दोष होता रोटरच्या तीन टोकांना बसवलेल्या पट्ट्यांत, म्हणजे एपेक्स सीलमध्ये. नेहमीच्या इंजिनात पिस्टनची रिंग सिलिंडरला कायम एकाच कोनात टेकते आणि खालून तिला तेल मिळत राहतं. एपेक्स सीलचा कोन मात्र क्षणाक्षणाला बदलतो, तेल जेमतेम मिळतं आणि चटके झेलावे लागतात ते जळत्या वायूचे. सील झिजायचं, दाब निसटायचा, इंजिन संपायचं. वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता एनएसयू खिळखिळी झाली आणि 1969 मध्ये फोक्सवॅगनच्या ताब्यात गेली.

जपानच्या माझ्दाने त्याच 1967 साली त्याच तत्त्वावर कॉस्मो स्पोर्ट काढली होती. रोटरच्या घरात आतून आडव्या लाटांसारखे ओरखडे उठायचे, त्यांना तिथले लोक सैतानाच्या नखांचे व्रण म्हणत. केनिची यामामोतो यांच्या गटाने सीलच्या मागे लागून कार्बन आणि ॲल्युमिनियमचं मिश्रण शोधलं, आणि इंजिन टिकायला लागलं. 1991 मध्ये माझ्दाच्या चार रोटरच्या 787बी या शर्यतीच्या गाडीने फ्रान्समधली ल मां ची 24 तासांची शर्यत जिंकली, आणि जपानी कंपनीने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ. कल्पना तीच, फरक पट्टीत होता. या इंजिनाची पेट्रोलची भूक मात्र कधीच भागली नाही. जळण्याची जागा लांबट आणि चपटी असते, त्यामुळे ज्योत कोपऱ्यांपर्यंत नीट पोचत नाही. हा दोष आकारातच आहे, तो पट्टी बदलून जात नाही. 2012 मध्ये आरएक्स-8 चं उत्पादन थांबलं त्यामागे हे मोठं कारण होतं.

आता अमेरिकेतली शेव्हरोले कॉर्व्हेअर. 1960 सालची गाडी, मागे हवेवर थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिन. मागच्या चाकांना स्विंग ॲक्सल होता. त्यात ॲक्सलचे दोन्ही अर्धे भाग गिअरबॉक्सजवळच्या सांध्यापासून वरखाली झुलतात, आणि चाकही त्याच कोनात कलतं. जोरात वळताना मागचा भाग उचलला गेला, की बाहेरचं चाक खालून आत दुमडतं आणि टायरची जमिनीवरची पकड अचानक निम्म्यावर येते. घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर आणखीच वाईट. शेपूट पुढे येऊ पाहते.

कंपनीला हे ठाऊक होतं. त्यावर तिने काढलेला उपाय असा: पुढच्या टायरमध्ये 15 पौंड हवा, मागच्या टायरमध्ये 26 पौंड. पुढची पकड मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे मागचं आधी सुटणार नाही. कागदावर गणित बरोबर आहे. पण पंपावर तुम्ही कधी ‘पुढे पंधरा, मागे सव्वीस’ असं सांगून हवा भरून घेतली आहे का? हवावाला चारही चाकांत सारखीच हवा भरणार, आणि त्याचं काहीही चुकलेलं नसणार. माणसांच्या जिवाची हमी त्या पाइपच्या टोकावर सोडून देणं हा माझ्या मते या गाडीतला खरा अपराध होता. ग्राहकांच्या बाजूने लढणारे वकील राल्फ नेडर यांनी 1965 मध्ये आपल्या पुस्तकातून त्यावर झोड उठवली. त्याच वर्षाच्या नव्या मॉडेलला मागे पूर्णपणे बदललेलं सस्पेन्शन आलं होतं, आणि 1972 मध्ये अमेरिकी सरकारच्याच चाचण्यांनी जुनी कॉर्व्हेअर त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा जास्त धोकादायक नव्हती असा निष्कर्ष काढला. तो मला मान्य आहे. तरी हवेच्या दाबाबद्दलचं माझं मत बदलत नाही.

स्विंग ॲक्सल आपल्याकडेही होता. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची हेरल्ड मुंबईच्या रस्त्यांवर एकेकाळी भरपूर दिसायची. तिला मागून घोडा, म्हणजे जॅक, लावून उचललं की दोन्ही चाकं खालून आत वळलेली दिसायची, आणि नवशिक्या पोराला वाटायचं काहीतरी मोडलं. आपल्या खड्ड्यांत तो सांधा मेस्त्रींना नकोसा व्हायचा. 1972 मध्ये त्याच कंपनीने गॅझेल आणली तेव्हा मागे सरळ, अखंड ॲक्सल दिला. कागदावर ते पाऊल मागे होतं, पण इथल्या रस्त्यांसाठी ते योग्यच होतं.

आणि टाटांची नॅनो. हिच्याबद्दल लोक घाईने वाईट बोलतात याचं मला दुःख होतं. 624 सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे, म्हणजे वजन मागे, म्हणजे प्रश्न कॉर्व्हेअरचाच. तिच्या इंजिनिअरांनी पुढे 135 आणि मागे 155 मिलिमीटर रुंदीचे टायर दिले. मागची पकड मुळातच जास्त. हवावाल्याला काही लक्षात ठेवायची गरज उरली नाही. चाकाला तीनच नट, एकच वायपर, सुरुवातीच्या मॉडेलला उघडणारी डिक्की नाही, असं सगळीकडे काटकसर करणाऱ्यांनी टायरच्या दोन मापांचा खर्च मात्र वाचवला नाही. काय सोडायचं आणि काय सोडायचं नाही हे ज्याला कळतं तो इंजिनिअर. मार्च 2009 मध्ये मुंबईत ती बाजारात आली. पुढे काही गाड्यांना आगी लागल्या आणि 2010 मध्ये कंपनीला विकलेल्या गाड्यांमध्ये सायलेन्सर आणि वायरिंगच्या बाजूला जादा संरक्षण फुकट बसवून द्यावं लागलं. तोवर लोकांच्या मनात भीती बसली होती. शिवाय ‘सर्वांत स्वस्त’ असं कपाळावर लिहून आलेली गाडी सोसायटीच्या आवारात उभी करणं अनेकांना जड गेलं. 2018 मध्ये उत्पादन थांबलं. आजही एखादी नीट राखलेली नॅनो गॅरेजमध्ये आली की मी आधी टायरची मापं बघतो, कारण कुणीतरी चारही सारखे टाकलेले असतात.

तीन चाकांबद्दल मुंबईकरांना समजावणं सोपं आहे. रिक्षा आपल्या समोर आहे, निदान बांद्रा आणि शीवच्या उत्तरेला. पुढे एक चाक असलेली गाडी वळत असताना ब्रेक मारला की वजन पुढे सरकतं, आणि पुढे आधार देणारा बिंदू एकच असल्यामुळे गाडी तिरकी कोसळू पाहते. रिक्षा निभावते ती कमी वेग आणि मागे खाली बसलेलं इंजिन यांच्या जोरावर. इंग्लंडच्या रिलायंट रॉबिनमध्ये, 1973 ची ही गाडी, इंजिन पुढे होतं आणि वेग मोटारीचा. ती मोटरसायकलच्या लायसन्सवर चालवता यायची आणि कर कमी पडायचा, म्हणून कामगारवर्गाने तिला आपलंसं केलं. टीव्हीवर ती प्रत्येक वळणावर उलटताना दाखवली गेली. त्यासाठी गाडीत मुद्दाम फेरफार केला होता हे कार्यक्रमाचे सूत्रसंचालक जेरेमी क्लार्कसन यांनीच नंतर सांगितलं. तो अन्याय होता. नीट चालवणाऱ्याला रॉबिनने वर्षानुवर्षं साथ दिली आहे.

याहून वेगळं प्रकरण अमेरिकी संशोधक बकमिन्स्टर फुलर यांच्या डायमॅक्सियनचं. 1933 साली बनवलेल्या या लांबलचक गाडीत वळायचं काम मागचं एकच चाक करायचं. गोदीतल्या फोर्कलिफ्टला मागची चाकं वळतात, आणि तिथे ते उत्तम चालतं, कारण वेग चालणाऱ्या माणसाइतका असतो. वेग वाढला की मागून वळणारी गाडी आधी उलट्या बाजूला शेपूट फेकते, आणि ती सावरताना ड्रायव्हर आणखी चूक करतो. त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी अपघात होऊन तिचा ड्रायव्हर गेला. दुसऱ्या गाडीचाही त्यात हात होता असं चौकशीत निघालं, पण मी तरी ती रचना कुणाच्याही हाती वेगासाठी देणार नाही. इथे मात्र कल्पनाच चुकली होती असं मी म्हणेन.

मर्सिडीजसारख्या कंपनीचंही चुकतं. ऑक्टोबर 1997 मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाच्या चाचणीत नवीकोरी ए-क्लास आडव्या आलेल्या प्राण्याला चुकवण्याच्या वळणात उलटली. आधी कंपनीने हात झटकले, मग विक्री काही महिने थांबवून सस्पेन्शन बदललं आणि प्रत्येक ए-क्लासला ईएसपी, म्हणजे घसरू लागलेली गाडी एकेका चाकाचा ब्रेक आपोआप लावून सावरणारी यंत्रणा, दिलं. ही यंत्रणा तोवर महागड्या गाड्यांतच असायची. लहान गाड्यांत ती यायला या फजितीने मोठा हातभार लावला.

आता मुंबईच्या हवेशी थेट संबंध असलेल्या गोष्टी. 1955 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात सिट्रोएनची डीएस आली आणि पहिल्याच दिवशी 12 हजार मागण्या नोंदल्या गेल्या. स्प्रिंगऐवजी वायू आणि तेल, तेच तेल ब्रेकला, स्टिअरिंगला आणि गिअरलाही. सुरुवातीचं लाल तेल हवेतली ओल शोषून घ्यायचं, आणि आतले बारीक मापाचे भाग गंजायचे. 1966 पासून हिरवं खनिज तेल आलं आणि ती गाडी खऱ्या अर्थाने भरवशाची झाली. लाल तेलाच्या गाडीत हिरवं किंवा हिरव्याच्या गाडीत साधं ब्रेक ऑइल ओतलं की रबरी सीलांचा सत्यानाश होतो. म्हणून अशा गाडीला हात लावण्याआधी टाकीतल्या तेलाचा रंग बघायचा. आपल्या साध्या गाड्यांतलं ब्रेक ऑइलही ओल शोषतं, आणि जून ते सप्टेंबर मुंबईत ओलीला तोटा नाही. पाणी मिसळलेलं तेल लवकर उकळतं. खंडाळ्याचा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की नळीत वाफ तयार होते आणि पेडल मऊ पडतं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, असं मी प्रत्येकाला सांगतो, आणि सर्व्हिसच्या बिलातून लोक सगळ्यात आधी कापतात ते हेच काम.

ओलीचाच दुसरा बळी म्हणजे ताकाता कंपनीच्या एअरबॅग. फुगवण्यासाठी त्यांत अमोनियम नायट्रेट वापरलं होतं, बऱ्याच मॉडेलांत ओल शोषणारी पूड न घालता. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा सोसून ते रसायन बदलतं आणि वेळ आली की हवं त्यापेक्षा जोरात जळतं. धातूचं डबडं फुटून त्याचे तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कंपनी 2017 मध्ये दिवाळखोरीत गेली. दमट प्रदेशांतल्या गाड्यांना धोका जास्त, म्हणजे आपल्याला. भारतातही अनेक गाड्यांना नवी एअरबॅग फुकट बदलून मिळाली आहे. जुनी गाडी घेत असाल तर कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाकून तिचं काम राहिलंय का ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे, कृपा करून टाळू नका.

अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचची गोष्ट मेस्त्री लोकांनी तरी पाठ करावी. स्विचमधली स्प्रिंग कमी ताकदीची होती. जड जुडग्याला किंवा गुडघ्याला धक्का लागला की चावी चालत्या गाडीत फिरायची, इंजिन बंद, स्टिअरिंग जड, एअरबॅग निकामी. 2006 च्या सुमारास भाग गुपचूप सुधारला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे जुन्या आणि नव्या गाड्यांत फरक का पडतो हे शोधणाऱ्यांना वर्षानुवर्षं कळेना. 2014 मध्ये 26 लाख गाड्या परत बोलावल्या, आणि कंपनीच्या भरपाई योजनेने 124 मृत्यू मान्य केले. बदललेल्या भागाला नवा नंबर न देणं हे माझ्या नजरेत स्प्रिंगपेक्षा मोठं पाप आहे.

आणि 26 जुलै 2005. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस. त्यानंतर शहरातल्या गॅरेजांत ज्या गाड्या आल्या त्यांत नुसतं पाणी शिरलेल्या गाड्या आणि पाणी शिरल्यावर मालकाने पुन्हा चालू करून पाहिलेल्या गाड्या असे दोन सरळ गट पडले. पहिल्या गटातल्या बहुतेक धुऊन, सुकवून, तेल बदलून चालल्या. दुसऱ्या गटात पिस्टनला जोडलेले कनेक्टिंग रॉड वाकलेले. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की पिस्टन भिंतीवर आपटावा तसा अडतो आणि रॉड वाकतो. काही वेळा वाकलेल्या रॉडवर इंजिन चालतंही, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तो ब्लॉक फोडून बाहेर येतो. इंजिनला थंड हवा मिळावी म्हणून हवा घेण्याचं तोंड पुढे, खाली ठेवलेलं असतं. कोरड्या देशात त्यात काही गैर नाही, पण पाणी तुंबणाऱ्या हिंदमाता किंवा मिलन सबवेला ते जिवावर बेततं. पाण्यात गाडी बंद पडली तर चावीला हात लावू नका. ढकलून बाहेर काढा, प्लग किंवा इंजेक्टर काढून मगच फिरवायला सांगा. विम्यातही साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत, इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

पाण्यात चालण्यासाठीच जन्मलेली गाडीही झाली, जर्मनीची अँफिकार, 1961 ची. पाण्यात 7 नॉट, रस्त्यावर ताशी 70 मैल, मागे ट्रायम्फ हेरल्डचं इंजिन, आणि पाण्यात सुकाणूचं काम पुढची चाकं करायची. दोन अँफिकारनी 1965 मध्ये इंग्लिश खाडीही पार केली. पण प्रत्येक पोहण्यानंतर ठिकठिकाणी ग्रीस भरायला लागायचं. सुट्टीच्या संध्याकाळी घरी परतलेला माणूस हे करत नाही. जवळपास चार हजार गाड्या बनून ती संपली, आणि उरलेल्यांना गंजाने गाठलं.

सगळ्या विचित्र गाड्या फसल्या असं मात्र म्हणू नका. बीएमडब्ल्यूची इझेटा, जिचं दार पुढच्या नाकालाच होतं, दीड लाखाहून जास्त विकली गेली आणि कंपनीला वाईट काळातून तारून गेली. मेसरश्मिटच्या केआर 200 मध्ये टू-स्ट्रोक इंजिनच उलटं फिरवता यायचं, त्यामुळे रिव्हर्सलाही चार गिअर होते. याउलट 1985 ची आपली स्टँडर्ड 2000 दिसायला अगदी शिष्ट होती. अंगाने ती इंग्लंडची रोव्हर, पण आत 1940 च्या दशकातल्या व्हॅनगार्डच्या वंशातलं इंजिन. जड अंग, दमलेलं हृदय, वर भारी किंमत. 1988 पर्यंत खेळ आटोपला. तिच्यात विचित्र काहीच नव्हतं, आणि तरी ती माझ्या यादीतल्या सगळ्यात चुकलेल्या गाड्यांत येते.

आता तुमची डॉल्फिन. 1982 च्या सुमाराची ही गाडी इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून आलेली, चार चाकांची, 848 सीसीची, फायबरच्या अंगाची. पुढच्याच वर्षी डिसेंबरात मारुती 800 आली आणि दोन दारांच्या डॉल्फिनचा निभाव लागला नाही. गाडी हलकी आहे, चालवायला गंमत आहे, आणि अशा फार थोड्या उरल्यात. घ्यावी असंच मी म्हणेन, पण रंग आणि चकाकी बघून भुलू नका. फायबर गंजत नाही, त्याच्याखालची पोलादी चासी गंजते, आणि वरचं अंग ठणठणीत दिसत असल्यामुळे ते कळत नाही. गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्या, बॉडीच्या पकडीचे बोल्ट आणि सस्पेन्शनच्या जागा लहान हातोडीने ठोकून बघा. आवाज टणक यायला हवा. दाराच्या बिजागऱ्यांभोवती फायबरला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा असतील तर भाव उतरवा. इंजिन ॲल्युमिनियमचं आहे, रेडिएटरमध्ये नुसतं नळाचं पाणी ओतत आले असतील तर आतून खाल्लेलं निघेल. झाकण उघडून पाण्याचा रंग बघा, आणि यापुढे कूलंट शिवाय काही घालू नका. सुटे भाग तयार मिळणार नाहीत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोर बाजारात फेऱ्या माराव्या लागतील, काही बुश आणि पिना टर्नरकडून बनवून घ्याव्या लागतील.

कागद नीट बघा. 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी 50 वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांचीच होते. डॉल्फिन त्यात अजून बसत नाही, म्हणजे फिटनेस, नूतनीकरण आणि पर्यावरण कर हे सगळं साध्या जुन्या गाडीसारखंच. आरसीवरचे इंजिन आणि चासीचे नंबर गाडीवर हाताने घासून वाचता आले पाहिजेत. ते जुळत नसतील तर गाडी कितीही आवडली तरी तिथूनच परत फिरा. जुळत असतील तर पावसाळ्याआधी चासी घासून, गंजरोधक प्रायमर मारून घ्या, आणि उभी करायला छप्पर असलेली जागा आधी पक्की करा. समुद्राच्या वाऱ्यात उघड्यावर ती दोन पावसाळे काढणार नाही.